सूर लागतो कानानं, टिकतो खांद्यानं

मी पियानो ट्यून करते असं कळलं की समोरचा माणूस हमखास म्हणतो, "वा, म्हणजे तुमचा कान फारच तयार असणार!" आहे, नाही असं नाही. पण दिवस संपल्यावर बर्फाची पिशवी मी कानाला लावत नाही, उजव्या कोपराला लावते. या कामात कानाचा वाटा किती आणि हाडा-स्नायूंचा किती, याबद्दल लोकांचा अंदाज इतका उलटा असतो की एकदा सविस्तर लिहूनच काढावं म्हटलं.

पियानोला पट्ट्या ८८, पण तारा साधारण २३०. अगदी खर्जातल्या पट्ट्यांना एकेकच तार, तांब्याचं वेटोळं चढवलेली, जाडजूड. पुढे काही पट्ट्यांना जोड्या. आणि त्यानंतर वरच्या टोकापर्यंत प्रत्येक सुराला तीन-तीन तारा. एकेक तार ७०-८० किलोच्या ताणावर असते. सगळ्यांची बेरीज केली तर १८ टनांच्या आसपास जाते. दिवाणखान्यात फुलदाणी डोक्यावर घेऊन शांत उभ्या असलेल्या त्या वस्तूत एवढी ओढाताण चाललेली असते. प्रत्येक तारेचं एक टोक सुमारे सात मिलिमीटर जाडीच्या पोलादी पिनेवर गुंडाळलेलं असतं आणि ती पिन पिनब्लॉकमध्ये, म्हणजे टणक लाकडाचे थर चिकटवून केलेल्या जाड फळीत, ठोकून बसवलेली असते. तिला ना नट, ना खीळ. लाकडानं पिनेला आवळून धरलंय एवढ्याच भरवशावर सगळा कारभार.

ही पिन फिरवायची म्हणजे लिव्हर, म्हणजे लांब दांड्याची किल्ली, तिच्या डोक्यावर चढवायची आणि साधारण चार-पाच किलोचा जोर लावायचा. पिनब्लॉक नवा आणि घट्ट असेल तर जास्तच. चार-पाच किलो म्हणजे काही फार नाही, असं वाटेल. गोम अशी आहे की हा जोर लावून हालचाल करायची असते ती जवळजवळ शून्य. अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर त्यातल्या एका भागाला आम्ही सेंट म्हणतो. मधल्या सप्तकात एक सेंट सरकायचं तर लिव्हरचं टोक अर्धा मिलिमीटर हलतं, फार तर. अगदी वरच्या पट्ट्यांना ते जेमतेम केसाच्या जाडीएवढं उरतं. ओझं उचलताना हात निदान वर जातो, खाली येतो, रक्त खेळतं. इथे स्नायू आवळलेला आणि हात जागच्या जागी. पूर्ण ताकद लावायची आणि ती लावता लावताच तिला लगाम घालायचा. हे २३० वेळा. तेही प्रत्येक पिन एका झटक्यात मानली तर, आणि पिना इतक्या गुणी नसतात.

कारण पिन सरळ फिरत नाही, आधी ती पिळली जाते. वरचं टोक लिव्हरनं वळलं तरी लाकडात रुतलेलं खालचं टोक जागचं हललेलं नसतं. सूर मात्र बदललेला ऐकू येतो. नवशिक्याला वाटतं, झालं काम. लिव्हर काढली की पिळ हळूहळू सुटतो आणि सूर जिथून आला तिथे परत जायला निघतो. म्हणून खालचं टोक सुटल्याचा क्षण ओळखावा लागतो. तो ऐकू येत नाही, तळहाताला जाणवतो, अगदी बारीक घसरल्यासारखा. पिन तेवढी पुढे नेऊन मग किंचित मागे आणून बसवायची, म्हणजे तिच्या अंगात पिळ उरत नाही. याला आम्ही पिन बसवणं म्हणतो. माझ्या मते ट्यूनिंग म्हणजे मुळात हेच. सूर सापडायला दोन सेकंद लागतात, तो बसायला दहा.

क्लोद मोंताल हा फ्रेंच माणूस लहानपणीच आंधळा झाला होता. पॅरिसच्या अंध मुलांच्या संस्थेत राहून तो स्वतःच पियानो जुळवायला शिकला, पुढे त्यानं इतर अंध विद्यार्थ्यांना शिकवलं आणि १८३६ मध्ये या विषयावर पुस्तकही काढलं. युरोपात अंध ट्यूनरांची जी मोठी परंपरा झाली तिच्या मुळाशी तो आहे. हे सांगताना लोक नेहमी "अंधांचे कान तीक्ष्ण असतात ना" असं म्हणतात. मला उलट त्यांच्या हातांचं नवल वाटतं. पिन सुटली की नाही हे डोळ्यांनी कुणालाच दिसत नाही, डोळसालाही नाही.

तर पिन बसली. आता तार. तार पिनेपासून निघते ती थेट मोकळी होत नाही. एका धातूच्या कडेखालून किंवा भोकातून जाते, मग तिचा वाजणारा भाग येतो, मग ब्रिजवरच्या, म्हणजे तारा टेकतात त्या लाकडी पट्टीवरच्या, तिरक्या खिळ्यांमधून वळणं घेत ती पलीकडे बांधलेली असते. या प्रत्येक ठिकाणी घर्षण आहे. मी पिनेकडचा ताण वाढवला म्हणजे तो लगेच पूर्ण तारेत सारखा पसरला असं होत नाही. कडेच्या अलीकडे थोडा जास्त, पलीकडे थोडा कमी, असा अडकून राहतो. आज सूर चोख लागतो. उद्या कुणी जोरकस वाजवलं की तो अडकलेला ताण सरकतो आणि सूर उतरतो किंवा चढतो. यावर उपाय एकच. कुणी जोरात वाजवण्याआधी आपणच जोरात वाजवायचं. लिव्हर पिनेवर, आणि डाव्या हातानं पट्टीवर फटका. एक नाही, तीन-चार. ज्या सुरावर फटक्यानंतरही काही सरकत नाही तो सूर बसला.

माझ्या धंद्यातलं सगळं दुखणं या दोन गोष्टींतून येतं, पिन बसवणं आणि फटके. आणि गंमत म्हणजे ग्राहकाला या दोन्ही ऐकू येत नाहीत. फटके ऐकू येतात म्हणा, पण ते कशासाठी आहेत हे कळत नाही. "जरा हळू वाजवलं तर चालणार नाही का?" असं दर दोन-चार घरांमागे कुणीतरी आतल्या खोलीतून विचारतंच. हळू वाजवलं तर चालतं. अर्ध्या वेळात काम उरकतं, कोपर शाबूत राहतं आणि मी निघताना पियानो अगदी तितकाच सुरेल वाजतो. फरक महिन्याभरानं कळतो, तोही "हल्ली हवाच खराब आहे" या सदरात खपून जातो. म्हणजे हात राखून काम करणाऱ्याला पकडणारं कुणी नाही. ज्यांनी मला शिकवलं ते सर फार बोलायचे नाहीत, पण माझं ट्यूनिंग तपासताना आधी हाताची मूठ करून प्रत्येक सप्तकावर दणादण आपटायचे आणि मगच ऐकायला बसायचे. आपटण्याआधी पियानो कसा वाजत होता यात त्यांना काडीचाही रस नव्हता.

पियानो जन्मापासून असा दणकट नव्हता. क्रिस्तोफोरीनं फ्लोरेन्समध्ये १७०० च्या सुमारास तो बनवला तेव्हा तारा बारीक होत्या आणि त्यांचा ताण लाकडी सांगाडाच पेलत होता. मग सभागृहं मोठी झाली, आवाज मोठा हवा झाला, तारा जाड झाल्या. लाकूड पुरेना. बॉस्टनच्या अल्फियस बॅबकॉकनं १८२५ मध्ये एकसंध ओतीव लोखंडी चौकटीचं पेटंट घेतलं आणि तिथून ताण वाढवायला वाव मिळाला. वादकाला दमदार आवाज मिळाला, श्रोत्यांना शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू यायला लागलं. त्या सगळ्याचं बिल कुणाच्या कोपरावर फाटलं ते मी सांगायला नको.

शरीराचं म्हणाल तर दोन प्रकारचे पियानो दोन वेगळ्या जागा धरतात. उभ्या पियानोच्या पिना छातीच्या-खांद्याच्या उंचीवर असतात, त्यामुळे उजवा हात दीड तास अधांतरी. कोपर पेटीच्या कडेवर टेकवायला मिळालं तर नशीब. मधल्या भागात बरं असतं, पण वरच्या टोकाकडे गेलं की उजव्या हाताला लिव्हर धरायला जागा उरत नाही आणि खर्जाकडे आलं की दोन्ही हात एकमेकांच्या वाटेत येतात. ग्रँडच्या, म्हणजे आडव्या पियानोच्या, पिना उभ्या रोवलेल्या आणि खाली. तिथे खांदा सुटतो आणि कंबर धरते, कारण पुढे वाकून बसायचं आणि वाकलेल्या अवस्थेत जोर लावायचा. त्यात कधी पट्ट्यांचा आणि हातोड्यांचा पूर्ण संच सरकवत बाहेर काढून मांडीवर घ्यावा लागतो, कधी पॅडलची काठी बघायला पियानोखाली उताणं पडावं लागतं. आडवं होणं सोपं असतं, चाळिशीनंतर उठणं हा एक वेगळा कार्यक्रम होतो.

माझं कोपर बाहेरच्या बाजूनं धरलं. ज्याला टेनिस एल्बो म्हणतात ते. मी आयुष्यात रॅकेट हातात धरलेली नाही. फिजिओथेरपिस्ट बाईंनी लिव्हर आणायला सांगितली, मी त्यांच्या टेबलाच्या कडेला ती धरून दाखवली आणि त्या पाच मिनिटं माझ्या मनगटाकडेच बघत राहिल्या. मूठ घट्ट आवळून, मनगट किंचित मागे वळवून, कोपर हवेत ठेवून जोर लावणं: कोपराच्या हाडाला जिथे स्नायू चिकटतात तिथे नेमकं सगळं ओझं जातं. सर सुरुवातीपासून ओरडायचे, "अगं, हातानं नको, बुडानं ट्यून कर!" तेव्हा मला ते सरांचं नेहमीचं तिरकस बोलणं वाटायचं. त्यांना म्हणायचं होतं की मूठ सैल ठेव, हात नुसता दुव्यासारखा राहू दे आणि बसल्या जागेवरून अंग मागे-पुढे कलवून पिन हलव. आता तसंच करते. शिवाय उभ्या पियानोवर वरची दोन सप्तकं डाव्या हातानं लिव्हर धरून करते. डावा हात शिकायला बराच काळ गेला, कारण तळहाताला "पिन सुटली" हे कळणं काही एका हाताकडून दुसऱ्या हाताला आपोआप जात नाही. लांब आणि हलक्या कार्बन फायबरच्या लिव्हरनंही फरक पडला. दांडा वाकत नाही, त्यामुळे पिनेचं जे काही चाललंय ते लवकर कळतं आणि उगाच जास्त जोर जात नाही.

सगळ्यात वाईट दिवस म्हणजे कित्येक वर्षं हात न लागलेल्या पियानोचा. असा पियानो सरसकट उतरलेला असतो, कधी पाव सूर, कधी अर्धा. तो एका फेरीत वर येत नाही. मी खालून तारा चढवत जाते तसतसा साउंडबोर्डावरचा, म्हणजे ब्रिजखालच्या आवाज मोठा करणाऱ्या फळीवरचा, भार वाढतो, तो दबतो आणि आधी चढवलेल्या तारा मागच्या मागे उतरत जातात. म्हणून पहिल्या फेरीत सगळं मुद्दाम जास्त चढवायचं, जितकं कमी असेल त्याच्या साधारण पाव हिस्सा वर, म्हणजे ते खाली येऊन जागेवर थांबेल. मग खरं ट्यूनिंग. म्हणजे सगळ्या पिना दोनदा. जुन्या तारा गंजून कडेला चिकटलेल्या असतात. त्या चढवण्याआधी किंचित सैल करायच्या, 'टक्' असा गंज सुटल्याचा आवाज आला की मग वर न्यायच्या. तरी एखादी तुटतेच. ७५ किलोच्या ताणाची पोलादी तार सुटते तेव्हा ती कुठे जाईल हे तिला विचारून चालत नाही. मी चष्मा लावते, नंबर नसतानाही.

आणि पुन्हा हवा. साउंडबोर्ड स्प्रूसच्या लाकडाचा असतो, मधोमध किंचित फुगीर. हवेत दमटपणा वाढला की लाकूड ओलावा घेऊन फुगतं, ब्रिज वर ढकलला जातो, तारा ताणल्या जातात, सूर चढतो. हवा कोरडी झाली की उलट. मधल्या सप्तकांत हे जास्त होतं, दोन्ही टोकांना कमी, त्यामुळे पियानो नुसता चढत-उतरत नाही, स्वतःशीच भांडायला लागतो. तुमचा पियानो खिडकीशेजारी किंवा एसीच्या झोतात असेल तर तुम्ही माझ्या कोपराचं नुकसान करत आहात, एवढं लक्षात ठेवा.

आता कानाकडे येते, कारण तोही या झिजण्यातून सुटलेला नाही.

मी सूर "ओळखत" नाही. मी लाटा मोजते. तंबोऱ्याच्या जोडीच्या दोन तारा जवळजवळ जुळल्या की आवाजात जो संथ हेलकावा येतो आणि पूर्ण जुळल्या की थांबतो, तोच हेलकावा. आमच्याकडे त्याला बीट म्हणतात. एका सुराच्या तीन तारा जुळवताना तो थांबवायचा. पण दोन वेगळ्या सुरांमध्ये तो थांबवायचा नसतो, ठरावीक वेगानं चालू ठेवायचा असतो. पियानोवर बारा सूर सारख्या अंतरावर मांडायचे म्हटल्यावर शुद्ध गंधार कुठेच मिळत नाही. प्रत्येक गंधार जवळजवळ १४ सेंट चढा ठेवावा लागतो, पंचम दोन सेंट उतरा. मधल्या सप्तकाखालचा एफ आणि त्यावरचा ए एकत्र वाजवले की सेकंदाला सुमारे सात लाटा यायला हव्यात. पुढची जोडी थोडी जास्त वेगानं, तिच्या पुढची आणखी. हा वेग हळूहळू वाढत गेला तर मांडणी बरोबर. घड्याळ लागत नाही, सात म्हणजे किती हे अंगात भिनतं. त्रास असा की ते भिनलेलं घरी येताना दाराबाहेर सोडता येत नाही. फ्रिजची घरघर आणि पंख्याची घुमघुम यांच्यात काय अंतर आहे हे मला रात्री झोपताना जाणून घ्यायचं नसतं, तरी कळतं.

ट्यूनिंगच्या ॲपबद्दल विचारणार असाल तर, वापरते. जाड आणि ताठ तारेचे वरचे स्वरांश, म्हणजे मूळ सुराबरोबर वाजणारे बारीक वरचे सूर, गणितानं सांगितलेल्यापेक्षा थोडे चढे निघतात, म्हणून सप्तकं किंचित ताणून लावावी लागतात आणि किती ताणायची ते प्रत्येक पियानोला वेगळं असतं. तो हिशोब फोन माझ्यापेक्षा लवकर करतो. उतरलेला पियानो चढवताना किती जास्त न्यायचं तेही छान सांगतो. डोकं कमी शिणतं. पण पडद्यावरचा काटा मधोमध आला म्हणजे पिन बसली असं नाही, हे काट्याला माहीत नसतं. ॲप घेऊन घरच्या घरी ट्यूनिंग करू पाहणाऱ्यांचे पियानो मी नंतर केले आहेत. आठवड्याभरात सगळ्या पिना पुन्हा पिळ सोडून मोकळ्या झालेल्या.

फटक्यांकडे परत येते. अमेरिकेतली नायओश ही कामगारांच्या आरोग्याची संस्था सांगते की ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करावा. म्हणजे ९४ ला एकच तास. झाकण उघडून, डोकं पियानोत घालून वरच्या सप्तकांवर फटके मारताना माझ्या फोनवरचा मापक नव्वदीच्या पुढे जाऊन नाचतो. फोनचं माप काटेकोर नसतं, आणि असे तुटक, टोकदार आवाज तर त्याला धड पकडताही येत नाहीत, पण अंदाज यायला पुरे.

मोठ्या आवाजानं बिघडणारा कान सगळीकडून सारखा बिघडत नाही. श्रवणाच्या आलेखात खड्डा पडतो तो बहुधा ३००० ते ६००० हर्ट्झच्या पट्ट्यात, ४००० च्या आसपास. पियानोच्या शेवटच्या पट्टीची कंपनसंख्या आहे ४१८६. म्हणजे कान जिथे आधी झिजतो तिथेच माझा पियानो संपतो. मधल्या मांडणीला धोका नाही; एफ-ए च्या त्या सात लाटा मी ऐकते त्या ८८० हर्ट्झजवळ असतात, तो भाग बराच काळ धडधाकट राहतो. त्यामुळे म्हातारा ट्यूनर मधली सप्तकं उत्तम लावतो, खर्ज उत्तम लावतो आणि वरचं सप्तक चढं ठेवून जातो, त्याला मात्र ते बरोबर वाटत असतं. असे पियानो ऐकले की मी काही बोलत नाही. माझ्याही एका कानाच्या आलेखात त्या जागी उतार दिसायला लागलाय.

म्हणून आता प्लग घालते. फोमचे नाहीत, ते वरचे स्वरांश खाऊन टाकतात. संगीतकारांसाठीचे मिळतात, सगळा आवाज साधारण सारखाच कमी करणारे. घरातले लोक बघून चमकतात. कानात बोळे घालून सूर लावणारी बाई! दिवसाला तीनच्या वर पियानो घेत नाही, आणि खूप उतरलेला असेल तर त्या दिवशी तो एकटाच. दोन पियानोंच्या मध्ये गाडीत रेडिओ बंद.

सध्या माझ्याबरोबर एक मुलगी शिकायला येते. हात चांगला आहे तिचा, कानापेक्षा चांगला, आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. पहिल्या दिवसापासून तिला दोन्ही हातांनी लिव्हर धरायला लावलीय आणि प्लग सक्तीचे केलेत. प्लग घालून शेवटचे तीन-चार सूर नीट कळत नाहीत अशी तिची तक्रार आहे. खरी आहे. तेवढ्यांपुरते काढ म्हटलंय, फटके मारून झाल्यावर.